झेललेल्या यार्डांचे मोल

द्वितीय वर्षाच्या अर्थशास्त्रात वेतनाचे निरनिराळे सिद्धान्त अभ्यासावे लागतात. त्यांपैकी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जे. बी. क्लार्क यांच्या नावाशी जोडलेला सीमांत उत्पादकतेचा सिद्धान्त सांगावयास सोपा आहे : कामगाराच्या श्रमाने उत्पादनात जेवढी भर पडते तेवढे त्याचे वेतन. परंतु ही भर मोजावयाची कशी? गिरणीत शेकडो माणसे एकत्र राबतात; त्यांतल्या एकाचे उत्पादन वेगळे काढून कोण दाखविणार? म्हणून जेथे प्रत्येक माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते असा एखादा व्यवसाय मी शोधू लागलो. तो मला अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये सापडला. त्या खेळातील ‘वाइड रिसीव्हर’ या खेळाडूची कामगिरी कशी मोजावी आणि त्याच्या कराराचे मोल कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात आणि मैदान १०० यार्डांचे असते. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, तसे झाले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर रांगेच्या टोकाला उभा राहतो, ठरलेल्या मार्गाने धावतो, रक्षकाला चुकवतो आणि चेंडू झेलतो. प्रतिपक्षाच्या अखेरच्या रेषेपलीकडे चेंडू गेला की टचडाउन होतो व सहा गुण मिळतात.

उदाहरणादाखल मी लॉस एंजेलिस रॅम्स या संघाचा कूपर कप हा खेळाडू निवडला आहे. २०१७ साली खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक ६९ वा होता, म्हणजे फार मोठी अपेक्षा कोणी धरलेली नव्हती. २०२१ च्या हंगामात मात्र त्याने १७ सामन्यांत १४५ झेल घेतले, १,९४७ यार्ड मिळविले आणि १६ टचडाउन केले. या तिन्ही बाबतींत तो त्या वर्षी पहिला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रॅम्सने सुपर बोलचा अंतिम सामना २३-२० असा जिंकला व त्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मानही कपलाच मिळाला.

वाचक म्हणतील, १,९४७ यार्ड हीच त्याची उत्पादकता. पण हा आकडा एवढा सरळ नाही. पहिली गोष्ट, त्याच्या दिशेने चेंडू किती वेळा फेकला गेला हे पाहावे लागते. त्या हंगामात १९१ वेळा फेकला गेला, म्हणजे शंभरातले सुमारे ७६ त्याने झेलले. दुसरी गोष्ट, झेल केव्हा घेतला. तिसऱ्या प्रयत्नात दहा यार्ड हवे असताना आठ यार्डांचा झेल कागदावर शोभून दिसतो, पण काम भागत नाही. दोनच यार्ड हवे असताना तीन यार्डांचा झेल त्याहून मोलाचा असतो. तिसरी गोष्ट, चेंडू हातात आल्यावर तो स्वतःच्या पायांनी किती पुढे गेला. म्हणूनच जाणकार लोक नुसते यार्ड न मोजता धावलेल्या प्रत्येक मार्गामागे किती यार्ड मिळाले, हेही काढतात.

एवढे करूनही काही श्रम हिशेबाबाहेरच राहतात. दोन रक्षकांना आपल्यामागे ओढून सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे, किंवा सहकारी चेंडू घेऊन धावत असताना प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडविणे, याचे यार्ड झेलणाऱ्याच्या खात्यावर जमा होत नाहीत.

आणि सर्वांत अवघड गोष्ट अशी की, झेल हे दोघांचे उत्पादन आहे. २०२० मध्ये कपने १५ सामन्यांत ९७४ यार्ड मिळविले होते. पुढच्याच वर्षी आकडा जवळजवळ दुप्पट झाला. मधल्या काळात संघाने क्वार्टरबॅक बदलला होता; जॅरेड गॉफच्या जागी मॅथ्यू स्टॅफर्ड आला होता. वाढलेल्या ९७३ यार्डांपैकी कपचे किती आणि स्टॅफर्डचे किती? दोन सामने अधिक खेळल्याचे किती? जेथे एवढ्या नोंदी आहेत तेथेही क्लार्कसाहेबांची ‘भर’ वेगळी काढता येत नाही, हे मला विशेष वाटते.

आता कराराकडे वळू. जून २०२२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कपला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. तिची किंमत सुमारे ८ कोटी डॉलर होती. आधीची दोन वर्षे धरून पाच वर्षांचा एकूण करार ११ कोटींचा झाला आणि त्यांतले साडेसात कोटी हमीचे होते. या संघटनेत प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा असते. २०२२ मध्ये ती २०.८२ कोटी डॉलर होती. मुदतवाढीची वार्षिक सरासरी तिच्याशी ताडून पाहिली तर एका माणसाचा वाटा सुमारे आठवा हिस्सा येतो.

त्यानंतर काय झाले? २०२२ मध्ये घोट्याला दुखापत होऊन कप नऊच सामने खेळला व त्याने ८१२ यार्ड मिळविले. २०२३ मध्ये १२ सामन्यांत ७३७, २०२४ मध्ये पुन्हा १२ सामन्यांत ७१०. दर सामन्यामागे ११४ यार्डांवरून तो ५९ वर आला. मार्च २०२५ मध्ये, कराराची दोन वर्षे शिल्लक असताना, रॅम्सने त्याला मोकळे केले. सिएटल सीहॉक्सने तीन वर्षांसाठी जास्तीत जास्त साडेचार कोटींचा करार दिला. तोपर्यंत वेतनमर्यादा २७.९२ कोटींवर गेली होती. पूर्ण रक्कम धरली तरी त्याचा वाटा अठराव्या हिश्श्याहून कमीच भरतो.

असे काढून टाकणेही फुकट होत नाही. करारावर सही करताना दिलेली रक्कम संघाला हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागून दाखविता येते. समजा २ कोटी दिले, तर दरसाल ४० लाख. खेळाडूला तीन वर्षांनी काढले तरी उरलेले ८० लाख मर्यादेत मोजावेच लागतात. माणूस मैदानावर नसतो, त्याचा आकडा मात्र वहीत असतो.

येथे दुसरे एक उदाहरण ठेवावेसे वाटते. २०२३ मध्ये त्याच रॅम्स संघात पुका नाकुआ हा नवखा खेळाडू १७७ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याने पहिल्याच हंगामात १०५ झेल घेऊन १,४८६ यार्ड मिळविले. नवोदितांमध्ये तोवरचा हा विक्रम होता. त्याच वर्षी कपचे यार्ड याच्या निम्मे होते. परंतु नाकुआचा करार चार वर्षांचा आणि सुमारे ४० लाख डॉलरचाच होता. कारण २०११ पासून सामूहिक करारांनुसार नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकावरून ठरते, आणि तीन हंगाम पुरे होईपर्यंत नवा करार मागता येत नाही. एकच संघ, एकच क्वार्टरबॅक, एकच काम. दुप्पट उत्पादन करणाऱ्याला कितीतरी पटींनी कमी वेतन. सीमांत उत्पादकतेने याचा उलगडा होत नाही.

मग उलगडा कशाने होतो? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या श्रमाची मोजणी अगदी चोख आहे : इतकी पोती, इतके पैसे. सीमांत उत्पादकता पुस्तकात अवघड वाटते, पण आमच्या घरी ती रोज संध्याकाळी मोजली जाते. तरीही पाठ धरली की त्या दिवसाची पोती शून्य. मोजणीत खोट नसते. पण पाठ दुखण्याचा धोका सर्वस्वी पाठीच्या मालकावर असतो.

या दृष्टीने पाहिले तर दोन्ही करार समजू लागतात. करार गेल्या वर्षीचे आकडे पाहून होतो, पण काम पुढच्या वर्षीच्या शरीराने करावयाचे असते. मधला धोका कोणी सोसावयाचा, हे हमीची रक्कम ठरवते. कपचा घोटा दुखावला तेव्हा तोट्याचा मोठा भाग संघाने सोसला, कारण साडेसात कोटी आधीच बांधलेले होते. नाकुआचा गुडघा पहिल्याच हंगामात निकामी झाला असता, तर मोठ्या कराराची त्याची आशा त्याच्याबरोबर घरी गेली असती.

म्हणून वाइड रिसीव्हरचे मोल करताना तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत, असे मला नम्रपणे वाटते. मिळालेल्या संधीच्या मानाने त्याने किती दिले? त्यात इतरांचा वाटा किती? आणि त्याचे शरीर थकले तर नुकसान कोणाचे? वर्तमानपत्रात छापून येणारा मोठा आकडा यांपैकी तिसऱ्याचे उत्तर देत नाही. ते हमीच्या आकड्यात असते. सिद्धान्त खोटा आहे असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु वेतनाच्या प्रकरणात श्रमाच्या मोजमापाबरोबर धोक्याच्या वाटणीचाही धडा असावा, एवढे मात्र आपल्या प्राध्यापकांसमोर व सहाध्यायांसमोर मांडावेसे वाटते.