कागद खरे असले, तरी संगणक अडवेल का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. तिचं घर सध्या थायलंडमध्ये, चिआंग माईला आहे. तिच्याकडे पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा आहे. दिवाळीला आली होती तेव्हा म्हणाली, ‘आई, हल्ली विमानतळावर माणूस नंतर बघतो, आधी मशीन बघतं.’ तेव्हापासून ती परत निघाली की ‘बाहेर पडले’ एवढा मेसेज येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. कागद सगळे खरे असताना संगणक तिला परत पाठवू शकतो का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुद्द्याचं आधी सांगतो. परत पाठवण्याचा आदेश अधिकारी काढतो, संगणक नाही. पण रांगेतल्या कोणाला दोन मिनिटांत सोडायचं आणि कोणाला बाजूच्या खोलीत न्यायचं, याचा कौल पुष्कळदा पडद्यावर आधीच आलेला असतो. त्या अर्थानं तुमची लेक बरोबर बोलली. तुमची काळजी अनाठायी नाही, पण ती नेमकी कशाची करायची हे समजून घेतलं तर निम्मी कमी होईल.

आधी तिच्या व्हिसाविषयी. डीटीव्ही म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’. थायलंडनं तो जुलै २०२४ मध्ये सुरू केला. बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांना थायलंडमध्ये राहता यावं, हा त्याचा एक मुख्य हेतू. मुदत पाच वर्षांची, पण एका वेळी राहता येतं १८० दिवस. पुढं तिथल्या इमिग्रेशन कचेरीत मुदतवाढ मागायची, नाहीतर देशाबाहेर जाऊन पुन्हा यायचं. अर्ज करताना खात्यात किमान ५ लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे दराप्रमाणे साधारण बारा ते चौदा लाख रुपये. थाई कंपनीत नोकरी मात्र या व्हिसावर करता येत नाही.

आता मशीन काय बघतं ते पाहू. विमानात पाय ठेवण्याआधीच तिची माहिती पुढं गेलेली असते. १ मे २०२५ पासून थायलंडला येणाऱ्या परदेशी प्रवाशाला ‘टीडॅक’ नावाचं डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. पूर्वी विमानात हातात यायचं त्या छापील कार्डाची जागा त्यानं घेतली. त्यात नाव, पासपोर्ट क्रमांक, व्यवसाय, विमान आणि राहण्याचा पत्ता येतो. ती जिथं राहते त्या घराच्या मालकानं परदेशी माणूस राहायला आल्याचं २४ तासांत कळवायचं असतं. त्याला तिथं सगळे टीएम-३० म्हणतात. सलग नव्वद दिवस राहिलं की आपला पत्ता आपणही कळवायचा. शिवाय काउंटरवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे. हे सगळे धागे एकत्र आले की संगणक मोजमाप करतो : किती वेळा आली, किती दिवस राहिली, मागच्या खेपेला मुदत उलटली होती का, हे नाव अडवायच्या यादीतल्या एखाद्या नावाशी जुळतं का.

रिमोट काम करणारे नेमके इथं अडचणीत येतात. सीमेवरच्या यंत्रणांना दोन तऱ्हेची माणसं चांगली ओळखू येतात. एक पर्यटक : पंधरा दिवसांसाठी आलेला, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हातात असलेला. दुसरा नोकरदार : स्थानिक कंपनीचं पत्र आणि काम करण्याचा परवाना असलेला. तुमची लेक या दोन्हींत बसत नाही. ती सहा-सहा महिने राहते, पण तिला स्थानिक मालक नाही. पगार पुण्यात जमा होतो आणि राहणं भाड्याच्या घरात. मुदत संपत आली की ती बाहेर जाते आणि पुन्हा येते. नुसत्या आकड्यांत पाहिलं तर पर्यटकाच्या शिक्क्यावर चोरून नोकरी करणाऱ्याची येजाही अशीच दिसते. आणि अशा येजा करणाऱ्यांवर थाई इमिग्रेशननं २०२५ च्या अखेरीस नजर आणखी कडक केली. कायद्यानं वागणारी तुमची मुलगी आणि कायदा चुकवणारा माणूस यांच्यातला फरक कळायला तिचा व्हिसा उघडून बघावा लागतो, तिला चार प्रश्न विचारावे लागतात. ते काम माणसाचं.

दुसरा घोटाळा नावाचा, आणि तो आपल्या मराठी माणसांना चांगलाच भोवतो. माझाच अनुभव सांगतो. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. एका परदेश प्रवासात मी ऑनलाइन फॉर्मवर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. विमानतळावरचं स्वयंचलित दार उघडेना. मागच्या रांगेतली माणसं एकामागून एक निघून गेली. शेवटी एक अधिकारी आली. तिनं पासपोर्टवर बोट ठेवून विचारलं, ‘हे दुसरं नाव कोणाचं?’ ‘वडिलांचं,’ म्हटल्यावर मान हलवून तिनं शिक्का मारला. बोटभर जागेत छापलेलं ते नाव यंत्राला परकं वाटलं होतं आणि तिला एका प्रश्नात उमगलं. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या मुलींचं, किंवा गोव्यातल्या ज्या घरांत एका भावाचं ‘नाईक’ इंग्रजी वळणानं लिहितात आणि दुसऱ्याचं पोर्तुगीज वळणानं, त्यांचं काय होत असेल याची कल्पना करा.

‘पण संगणक तरी निःपक्षपाती असेल ना?’ असं तुमच्या मनात येईल. ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथलं गृहखातं २०१५ पासून व्हिसा अर्जांची संगणकाकरवी लाल, पिवळा, हिरवा अशी प्रतवारी करत होतं, आणि त्यात अर्जदाराचं राष्ट्रीयत्वही धरलं जायचं. ठरावीक देशांचे अर्ज लालमध्ये जायचे, त्यांची कसून छाननी व्हायची, जास्त नाकारले जायचे, आणि ते नकार पुन्हा त्या देशाच्या खात्यावर जमा व्हायचे. जुनं मत नव्या पुराव्यासारखं दिसू लागलं. तिथल्या दोन संस्थांनी याला न्यायालयात आव्हान दिलं. सुनावणीआधीच ऑगस्ट २०२० मध्ये गृहखात्यानं ती पद्धत थांबवली.

कॅनडाची वाट थोडी बरी वाटते. तिथं २०१८ पासून भारत आणि चीनमधून येणाऱ्या ऑनलाइन व्हिजिटर व्हिसा अर्जांची संगणकानं वर्गवारी सुरू झाली. सरळसोट अर्जदार पात्र असल्याचं संगणक म्हणू शकतो, पण नकार फक्त अधिकारीच देऊ शकतो, असा तिथला नियम. यंत्रानं ‘हो’ म्हणावं, ‘नाही’ मात्र माणसानं, सही करून आणि कारण लिहून म्हणावं. मला ही वाटणी न्यायाची वाटते. तरीही एक धोका उरतोच. पडद्यावर लाल खूण दिसली की थकलेला अधिकारी तिच्यावरच विसंबतो. सही माणसाची असते, मत मात्र यंत्राचं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. यंत्रानं चाळणी करायला हरकत नाही. लाखो प्रवाशांची रांग हातानं सरकणार नाही आणि खोट्या पासपोर्टवाल्याला पकडायलाच हवं. पण अडवलेल्याला कारण कळलं पाहिजे, चूक दुरुस्त करायला वाट पाहिजे आणि ऐकून घेणारा माणूस समोर पाहिजे. युरोपीय संघानं २०२४ च्या एआय कायद्यात सीमेवरच्या आणि व्हिसाच्या कामातल्या अशा अनेक यंत्रणा मोठ्या जोखमीच्या ठरवून माणसाची देखरेख सक्तीची केली आहे. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातही प्रवेश नाकारलेल्याला ४८ तासांच्या आत मंत्र्यांकडे दाद मागता येते. पण पासपोर्ट किंवा व्हिसा नसल्याच्या कारणासाठी आणि आणखी एका कारणासाठी ही सोय नाही. अडवलं नेमकं कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागणं म्हणूनच महत्त्वाचं. तिथला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा जून २०२२ पासून पूर्ण लागू आहे, मात्र देशाच्या सुरक्षेसाठी चाललेलं सरकारी काम त्याच्या बाहेर ठेवलं आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यातही सरकारी यंत्रणांना अशी सूट देण्याची तरतूद आहे. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त माहिती जमते त्यांनाच सगळ्यात कमी जाब द्यावा लागतो, हे मला खुपतं.

हा प्रश्न फक्त परमुलखातला नाही. गोव्यात मोरजी, हरमलला परदेशी पाहुणा राहायला आला की घरमालकाला ते २४ तासांत कळवावं लागतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून भारतात येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठीही ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा मात्र आपल्याकडे नाही. आपल्या लेकीसाठी आपण जे मागतो, कारण आणि ऐकून घेणारा माणूस, ते गोव्यात उतरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या लेकीलाही मिळालं पाहिजे.

आता तुमच्या मुलीनं काय करावं? टीडॅक फक्त थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर, येण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करावं. पर्यटक म्हटलं की लवकर सुटका होईल, असा सल्ला देणारे भेटतील. तो ऐकू नये. व्यवसाय खरा लिहावा, कारण तिचा व्हिसा याच कामासाठी आहे. कंपनीचं पत्र, अलीकडचं बँकेचं स्टेटमेंट, घराचा करार आणि टीएम-३०ची पावती, हे सगळं छापून हातातल्या बॅगेत ठेवावं. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. बाजूला घेतलं तर आवाज चढवू नये, शांतपणे व्हिसाचं पान उघडून द्यावं. चिआंग माईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे आणि बँकॉकमध्ये दूतावास. दोन्हींचे क्रमांक तिच्याकडेही असोत, तुमच्याकडेही.

आणि एक काम तुमचं. तिच्या पासपोर्टची झेरॉक्स तुमच्या कपाटात असेलच. पुढच्या खेपेला फॉर्म भरताना तिला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. ती फॉर्मवरची अक्षरं वाचेल, तुम्ही झेरॉक्सवरची बघा. तिचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर. वीस-पंचवीस अक्षरं आहेत, पाच मिनिटांत होतील. मशीनपुढं ती उभी राहील तेव्हा ते नाव तुमच्या नजरेखालून गेलेलं असेल.