उजनीच्या पाण्यावर संसार मांडण्याआधी

माझं माहेर बारामतीत, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. सासर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. दोन्हीकडे दारात पाणी, म्हणून लग्न ठरलं तेव्हा घरात कुणालाच काळजी वाटली नाही. पोरगी पाण्याला घाबरत नाही, एवढंच सगळे म्हणाले. पण कालव्याचं पाणी ओळखणाऱ्या माणसाला धरणाचं पाणी ओळखता येतं असं नाही. ते मला इथं आल्यावर शिकावं लागलं. अलीकडे नात्यातली, ओळखीतली नवी जोडपी विचारतात, आम्हीही होडी घेऊन पाण्यावर येऊ का? कुणाला मासेमारी करायची असते, कुणाला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं असतं. पुण्याकडची काही माणसं तर सरळ बोटीतच राहायचं म्हणतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी कालव्याचं सांगते, कारण कालव्यात होडी चालेल का, हा प्रश्न दर वेळी येतो. इंग्लंडात कालव्यांवर सात फूट रुंदीच्या लांबट बोटी असतात. पूर्वी कोळसा वाहणाऱ्यांची अख्खी कुटुंबं त्यांच्या मागच्या छोट्या खोलीत राहायची आणि आजही हजारो लोक तशा बोटींत राहतात. तिथले कालवे मुळात नावा चालवायला खोदले. जागोजागी दरवाजे आहेत, पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. आपल्याकडेही उत्तरेतला गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला तेव्हा त्यात नावा चालाव्यात अशी सोय ठेवली होती. १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा मात्र शेतीसाठीच आहे. वीरहून निघून पुरंदर, बारामतीवरून तो इंदापुरात येतो. पाणी आवर्तनानं सुटतं, वेगानं वाहतं आणि आवर्तन संपलं की तळ दिसतो. अस्तरीकरण झालेल्या भागात कडा इतक्या गुळगुळीत की पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. माहेरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी त्यात गेल्याची बातमी यायचीच. कालव्यात होडीचा विचारही करू नका, पोरांना त्यात डुंबू देऊ नका. विषय संपला.

राहिली उजनी. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेचं खोरं यशवंतसागर झालं. पळसदेव, डिकसळ, कुंभारगाव, कळाशी, शिरसोडी ही इंदापूरच्या बाजूची गावं, पलीकडे करमाळा. इथंही होडीतच चूल पेटते असं समजू नका. आमच्या होड्या पत्र्याच्या किंवा फायबरच्या, उघड्या आणि उथळ आहेत. झोपडी काठावर असते, पण दिवसाचा मोठा भाग पाण्यावरच जातो. संध्याकाळी नवराबायकोनं मिळून जाळी सोडायची, पहाटे ओढायची, उजाडायच्या आत मासळी भिगवणच्या बाजाराकडे निघायला हवी. कातकरी, भोई आणि परराज्यांतून आलेली कितीतरी कुटुंबं असंच जगतात.

इथं राहायचं तर पाणी कुणाच्या हुकमानं चढतं आणि कुणाच्या हुकमानं उतरतं, हे सगळ्यात आधी शिकायला हवं. धरण पूर्ण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर असते. ४९१.०३ मीटरच्या खाली गेलं की ते मृतसाठ्यात जातं, म्हणजे वर्तमानपत्रात येतं ते 'उणे'. दोन्हींत फरक सहा मीटरसुद्धा नाही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण इंदापूरकडचा काठ इतका सपाट आहे की पाणी थोडं खाली गेलं तरी काठ शेतंच्या शेतं लांब पळतो. दिवाळीत दाराला लागलेली होडी शिमग्यात चिखलात बसलेली असते. सोलापूरच्या पिण्यासाठी नदीतून पाणी सोडतात, कालव्यांची आवर्तनं असतात, आषाढीला पंढरपूरला पाणी लागतं. प्रत्येक वेळी आमचं अंगण सरकतं. २०२४च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा आम्ही झोपडीचे बांबू उपटून पाण्याच्या मागोमाग जातच राहिलो.

म्हणून झोपडी उचलता येईल अशीच बांधा. पत्रे कमी, ताडपत्री आणि बांबू जास्त. लोखंडी कॉट, मोठं कपाट, सिमेंटचा ओटा यांतलं काही काठावर नेऊ नका. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, जे दोघांना एका खेपेत उचलता येत नाही ते पाण्याजवळ ठेवायचं नाही. हा नियम मी अजून मोडलेला नाही. दोन झोपड्यांचा संसार जमत असेल तर एक वर गावठाणाकडे ठेवा. कागदपत्रं, धान्य, मुलांची दप्तरं तिथं. खाली फक्त जाळी, चूल आणि अंथरूण.

पाणी उतरतं ते हळूहळू, पण चढतं तेव्हा सांगत नाही. आमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी खडकवासला, मुळशी, पवना, चासकमान इथली धरणं भरली की सगळं दौंडवरून उजनीत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये काठावरची माणसं एकमेकांना राम राम करायच्या आधी विचारतात, दौंडला किती सुटलंय? हा आकडा रोज संध्याकाळी बघितल्याशिवाय झोपू नका. एका ऑगस्टात आमच्या वस्तीवर कोरडं आभाळ होतं, चांदणं पडलं होतं. मध्यरात्री अंथरुणाला ओल लागली म्हणून जाग आली, तर पाणी चुलीपर्यंत आलेलं. माणसं आणि होडी वाचली. वाळत टाकलेली जाळी आणि पीठ गेलं. पावसाळ्यात रात्री झोपण्याआधी पाण्याच्या कडेला काठी रोवा आणि होडीचा दोर लांब सोडून उंचावरच्या खुंटाला बांधा. आखूड दोरानं बांधलेली होडी चढत्या पाण्यात तोंड खाली ओढून बुडते.

आता वाऱ्याबद्दल. हे सावकाश वाचा.

चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत पाणी तेल ओतल्यासारखं शांत असतं. नव्या माणसाला त्याचाच मोह पडतो. चारनंतर नैर्ऋत्येला किंवा पूर्वेला काळं दिसायला लागतं, हवा एकदम थांबते, आणि मग वळवाचं वारं येतं ते आधी धूळ घेऊन. उजनीचं पात्र रुंद आहे, मधे अडवायला काही नाही. लाटा बघता बघता होडीच्या काठाच्या वर येतात. एप्रिल २०१७ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या अजोती गावाजवळ डॉक्टरांच्या सहलीची होडी उलटली आणि चौघे गेले. २१ मे २०२४ला करमाळ्याच्या कुगावहून आमच्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळात बुडाली. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली लेकरं. एकच माणूस पोहून काठाला लागला. ते तीन दिवस काठावर जे बघितलं ते मी इथं लिहिणार नाही. पण दोन्ही तारखा नीट बघा. दोन्ही उन्हाळ्याच्या आहेत. पावसाळ्यात नव्हे, पुरात नव्हे. ज्या महिन्यांत पाणी कमी आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, तेच महिने घातकी.

आम्हीही एकदा त्या वाऱ्यात सापडलो आहोत. जाळी सोडून परतत होतो, काठ दिसत होता. ह्यांनी घराच्या दिशेनं वल्हं मारणं तिथंच थांबवलं. होडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, तोंडाकडून दोराला बांधलेला दगड सोडला आणि दोघंही तळाला बसलो. मी डब्यानं पाणी उपसत राहिले. सगळी मासळी पाण्यात लोटली. वारं बसल्यावर जो काठ जवळ होता तिकडे गेलो आणि रात्र परक्या वस्तीवर काढली. घर गाठायची घाई करणाराच लाटेला आडवा होतो आणि आडवी होडी उलटते. उभं राहू नका, जागा बदलू नका, होडी उलटलीच तर ती सोडून पोहत सुटू नका, तिला धरून राहा. लाइफ जॅकेट अंगात हवं, बसायला खाली घेतलेलं नको. मुलांच्या मापाचं वेगळं घ्या. मोठ्यांचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निघून जातं. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामान संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. आणि उन्हाळ्यात दुपारी तीननंतर मोठं पात्र ओलांडायचं नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

पाणी आटलं की वेगळाच धोका वर येतो. या पाण्याखाली गावं आहेत. पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं तेव्हा लोक फोटो काढायला येतात, पण आम्हाला चिंता असते ती न दिसणाऱ्या भिंतींची. विहिरींची कडी, बांध, वाळलेल्या बाभळीचे बुंधे पाण्याच्या पृष्ठाखाली हातभर अंतरावर असतात. पत्र्याचा तळ त्यावर फाटतो, फायबरला तडा जातो. जुन्या माणसाला बरोबर घेऊन एकदा कडक उन्हाळ्यात सगळा परिसर उघड्या डोळ्यांनी फिरून घ्या. कुठं वाडा होता, कुठं मळा होता, हे ज्याला ठाऊक त्याची होडी शाबूत राहते. ओल्या गाळात पायी उतरू नका. वरून भेगा पडलेला गाळ आत दलदल असतो, म्हशीसुद्धा त्यात रुततात.

विजेबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी ओळीनं असतात. पाणी मागं हटलं की मोटारी पुढं सरकवतात, केबल वाढवतात, सांध्यांना चिकटपट्टी लावतात. ती केबल चिखलातून, कधी पाण्यातून गेलेली असते. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला असलेल्या फुटव्हॉल्व्हभोवती मासा जमतो म्हणून नवखा माणूस तिथंच जाळं टाकतो. जाऊ नका. मोटार चालू असताना त्या पाण्यात हात घालू नका, होडी पाइपाला बांधू नका, ओलं जाळं केबलवर वाळत टाकू नका. शेतकऱ्याशी बोलून ठेवा. तो भला माणूस असतो, विचारलं तर सांध्याची जागा दाखवतो.

पैशाच्या बाबतीत एकच सांगायचं आहे, उचल घेताना हात आवरा. होडी आणि जाळी घ्यायला व्यापारी आनंदानं पैसे देतो, पण मग मासळी त्यालाच घालावी लागते, त्याच्याच काट्यावर आणि त्याच्याच भावानं. आमच्या पहिल्या हंगामात चिलापीचा भाव बाजारात वेगळा आणि आमच्या वहीत वेगळा असायचा. फिटेपर्यंत तोंड उघडता आलं नाही. त्यापेक्षा जुनी होडी घ्या, कमी कांडळी घ्या. जुनी होडी घेताना मात्र तळाचा रंग खरवडून पत्रा बघा, नुसत्या नव्या डांबरावर जाऊ नका. वडाप नावाच्या बारीक आसाच्या जाळ्यात भागीदारी कुणी देऊ केली तर नाही म्हणा. बोटभर पिल्लं काढणारी ती जाळी उजनी रिकामी करत आहेत. कटला आणि रोहू पूर्वीसारखे लागत नाहीत, हे प्रत्येक जुना मच्छीमार सांगतो.

मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, परवाना, आधार आणि रेशनकार्ड हे पहिल्या महिन्यातच करून घ्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत गट अपघात विमा आहे, मृत्यू झाल्यास घरच्यांना ५ लाख रुपये मिळतात. पण नाव नोंदलेलं असेल तरच. बायकांनी स्वतःचंही नाव घालावं. जाळं ओढताना दोघं असतात आणि कागदावर एकटा नवरा, हे बरोबर नाही.

धरणाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून इथंच येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा थर चढतो, वास सुटतो, अंगाला खाज येते. पिण्याचं पाणी गावातून आणायचं, कितीही लांब असलं तरी. जाळी ओढून आल्यावर हातपाय साबणानं धुवायचे आणि लहान मुलांना त्या पाण्यात आंघोळ घालायची नाही.

मुलांना पाच वर्षांच्या आत पोहायला शिकवा. चालायला लागलेलं लेकरू आई जाळं निवडत असताना कमरेला दोर बांधून ठेवतात, ते बघून पाहुण्यांना वाईट वाटतं. वाटू द्या. आणि शाळेसाठी हंगामभर एकाच गावाला धरून राहा. पाण्यामागे झोपडी हलली तरी पटावरचं नाव हलवू नका. आमच्या वस्तीवरची हुशार पोरं चौथीच्या आत शाळेतून गळाली ती याच पायी.

इतकं वाचूनही यायचं असेल तर या. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहितांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाक घरटी करतात आणि त्यांच्यामुळे नावाड्याला चार महिने बरी कमाई होते. मला हे जगणं आवडतं, माहेरी परत जावं असं वाटत नाही.

एकच मागणं आहे. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे, पण तो वापरात येईपर्यंत संध्याकाळी काठावर कुणी ना कुणी येणारच. म्हणेल, पलीकडे लगीन आहे, आजारी माणूस आहे, दुप्पट पैसे देतो, तेवढं सोडा. आभाळात काळं दिसत असेल तर त्याला तुमच्या झोपडीत जेवायला घाला, झोपायला जागा द्या, नाहीतर रस्त्यानं लांबचा फेरा घ्यायला सांगा. होडी सोडू नका.