ग्रीस नव्हे, तेल

शिरूर कासारला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानाच्या मागं पत्र्याचं शेड, शेडात ताडपत्री आणि ताडपत्रीखाली १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. महिन्यातून एखादं तरी पोरगं येतं, ताडपत्रीचा कोपरा उचलून बघतं आणि म्हणतं, "काका, मलाबी जुनी गाडी घ्यायचीय. वरून जुना लूक ठेवायचा, आतून सगळं नवं टाकायचं." कुणाच्या डोक्यात जीप असते, कुणाच्या पद्मिनी, कुणाच्या जावा. मी त्याला स्टुलावर बसवतो, चहा सांगतो आणि गल्ल्यातून एक पितळी तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवतो. मुठीत मावेल एवढाच आहे. त्याच्या आट्यांत मोडलेल्या पोलादी दांड्याचं टोक अजून अडकलेलं आहे. त्या तुकड्यानं मला किती शिकवलं आणि कितीला शिकवलं, ते सांगतो.

लहानपणी अण्णांबरोबर बीडला गेलो होतो, तेव्हा एका डॉक्टरांच्या दारात हेराल्ड पाहिली होती. ड्रायव्हर काहीतरी दुरुस्ती करत होता. त्यानं पुढचे मडगार्ड, दिवे सगळ्यासकट अख्खं तोंडच पुढं पाडलं होतं, मगरीनं जबडा उघडावा तसं. ते डोळ्यांसमोरून कधी गेलंच नाही. पुढं कळलं, की ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची, आणि तिचं रूप मिकेलॉटी नावाच्या इटालियन माणसानं आखलेलं. आपल्याकडं १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती बनवली. इंजिन ९४८ सीसीचं, म्हणजे आजच्या लहान मोटारीएवढं. पण हिचीच चेसी आखूड करून इंग्लंडात १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली. हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, हेराल्ड घ्यायची, टप काढायचा, इंजिन मोठं टाकायचं, स्पिटफायर तयार.

२०१८ च्या अखेरीस पुण्यातून एक लाख साठ हजाराला गाडी घेतली. चालू होती, कागद होते, फक्त म्हातारी झाली होती. टेम्पोतून उतरवली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या." आज हिशेब केला तर गोठा भरला असता.

माझी पहिली चूक अशी, की मला ट्रॅक्टर कळतो म्हणून मला सगळं कळतं असं मी धरून चाललो. दुसरी, जे लोकांना दिसतं तिथून मी कामाला हात घातला. आधी रंग. लाल आणि वर पांढरा पट्टा. मग रुंद टायर. मग टप. इंजिन त्याच्यानंतर आणि ब्रेक सगळ्यात शेवटी, म्हणजे खिशात काही उरलं नव्हतं तेव्हा. खरं तर ही यादी जशीच्या तशी उलटी करायला पाहिजे होती.

टपाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. मिस्त्री म्हणाला, "कटर मारू, दोन तासांत मोकळी." मारला. ठिणग्या उडाल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, टप खाली आला. पुढं वर्षभरानं एका जाणकारानं गाडी बघितली, चारी कोपरे चाचपले आणि मला म्हणाला, "अहो, हेराल्डचा टप बोल्टांवर असतो." त्यामागं कहाणी आहे. हेराल्ड आखत होते तेव्हा कंपनीला बॉडी करून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेलेला होता. म्हणून त्यांनी बॉडीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतले आणि वेगळ्या चेसीवर बोल्टांनी आवळले. त्यामुळं हेराल्डचा टप पान्ह्यानं उतरतो आणि पान्ह्यानंच परत चढतो. आम्ही तो कापला होता. कापताना काचेच्या चौकटीला जो पीळ बसला तो आजतागायत गेला नाही. खड्डा आला की दार आपोआप उघडायचं, आणि आमच्या रस्त्यांवर ते किती वेळा उघडायचं हे काय सांगावं.

तेव्हापासून मी पोरांना एकच विचारतो, "हे परत पहिल्यासारखं करता येईल का?" नट-बोल्टनं होत असेल तर कर. जुना भाग फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. कटर लागणार असेल तर आठ दिवस थांब. आठ दिवसांत निम्मी खुमखुमी उतरते.

विजेच्या कामात धूरच निघाला. त्या काळच्या कित्येक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, मायनस नाही. माझ्या गाडीतही तसंच होतं. आपल्या हाताला मायनस अर्थची सवय. म्युझिक सिस्टीमचा पत्रा मायनसचा, तो डॅशबोर्डाच्या प्लसच्या पत्र्याला टेकला आणि सीटखालून रबर जळाल्याचा वास यायला लागला. आधी बॅटरी बघा, मग वायरिंग. उलटी अर्थ असेल तर ती सुलटी करता येते. त्यासाठी डायनामोला नव्या बाजूनं चेतवायचं, कॉइलच्या तारा बदलायच्या, अँपिअर मीटरच्या तारा फिरवायच्या. अल्टरनेटर टाकायचा तर हे करावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर अल्टरनेटर, चांगले दिवे, फ्यूजची पेटी आणि नवं वायरिंग एवढंच नवेपण टाकलं असतं तरी गाडी खूश झाली असती.

पण मला हवं होतं इंजिन. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन भंगारातून आणलं. ते उभं बसतं, मागच्या चाकांना जोर देतं, त्यामुळं निवड तशी चुकीची नव्हती. कामाला मिस्त्रीला उचल दिली. आमच्या भागात उचल या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम उचल घेऊन पळाला तर कारखाना त्याच्या दारात उभा राहतो. माझा मिस्त्री पळाला, मी कुणाच्या दारात उभा राहणार? गाडी त्याच्या गॅरेजात, इंजिन बाहेर, गिअर बॉक्स पोत्यावर आणि त्यातच लॉकडाऊन. पुढचं काम दुसऱ्या मिस्त्रीनं केलं. त्याला पहिल्याचं काही कळेना, कारण कागदावर एक ओळ नव्हती. काम देताना यादी करा, टप्पे पाडा, टप्पा झाला की पैसे. आणि सोडवलेल्या प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढा. फोटोला पैसे पडत नाहीत.

इंजिन बसलं, गाडी पळायला लागली. पळायला लागली तेव्हा कळलं, की मागची चाकं जुन्याच बोलीवर चालतात. हेराल्डला मागं एकच आडवा पाटा असतो आणि चाकांचे दांडे फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलजवळ, वाकतात. वळणावर भीती वाटून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं बूड वर उचलतं, चाक खालून आत दुमडतं आणि मागची पकड सुटते. कंपनीलाही हे ठाऊक होतं. १९७० च्या स्पिटफायरमध्ये त्यांनी पाट्याची बसकच बदलली. मूळच्या ९४८ सीसीला हा दोष झाकला जायचा, कारण तेवढा वेगच यायचा नाही. मी दीडपट ताकद टाकली, वर रुंद टायर घातले, आणि ब्रेक मात्र चारी चाकांना तेच जुने ड्रम, एकाच नळीवर. एका नळीचा अर्थ असा, की कुठंही तेल गळालं तर चारही चाकांचा ब्रेक गेला. पाथर्डीकडं जाताना एका उतारावर समोरून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला आणि मी दोन्ही पायांनी पेडल दाबत होतो. थांबलो. कसा थांबलो ते मला अजून माहीत नाही. घरी येऊन रात्री जेवलो नाही. ही म्हणाली, "बरं नाही का?" म्हटलं, ऊन लागलं.

आणि तरीही धडा घेतला नाही. २०२१ च्या दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. पुतण्याला शेजारी बसवून गावातून फेरी मारायला निघालो. वेग पंधरा-वीसचा असेल. एका दुकानापुढं उजवीकडं स्टिअरिंग फिरवलं, कट् असा आवाज झाला, आणि डावीकडचा कोपरा जमिनीवर बसला. चाक मडगार्डखाली आडवं पडलेलं. माणसं धावली. कुणाला खरचटलंही नाही. हेच दहा मिनिटांनंतर बाहेरच्या रस्त्यावर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

मोडला होता तो ट्रनियनचा सांधा. ट्रनियन म्हणजे हाच माझ्या गल्ल्यातला तुकडा. पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खाली या पितळी भागात आट्यांनी बसलेला असतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. सगळं ओझं तिथं. या सांध्याला गिअर ऑइल लागतं, नव्वद नंबरचं. कारखान्यानं तिथं निप्पल दिलंच नव्हतं, साधं बूच दिलं होतं. ते काढून तेल भरायचं आणि परत लावायचं. आम्हाला बूच दिसलं, आम्ही म्हटलं कंपनी विसरली. निप्पल बसवलं आणि ग्रीस गननं गच्च ग्रीस मारलं. ट्रॅक्टरला आयुष्यभर तेच केलं होतं ना! ग्रीस घट्ट झालं, आट्यांपर्यंत पोचलंच नाही, खाली पाणी आणि धूळ साचली, पोलाद गंजलं आणि धरून बसलं. धरलेल्या दांड्याला मी पिळत राहिलो आणि एक दिवस तो तुटला. कासारांचं नाव लावणाऱ्या गावात पितळेनं दगा दिला म्हणून लोक हसले. दगा पितळेनं दिला नव्हता. पंचवीस वर्षं पाटी लावून बसलेल्या दुकानदारानं त्या गाडीचं मॅन्युअल एकदाही उघडलं नव्हतं. ते मिळतं. इंग्लंडात या गाड्यांचे वेडे अजून आहेत, तिथून नवं ट्रनियनही येतं. टपालखर्च आणि कस्टम धरून ते मला माझ्या रुंद टायरांच्या जोडीपेक्षा स्वस्त पडलं.

आता कागदांचं. हे मी शेवटी सांगतोय, पण तुम्ही पहिल्या दिवशी करा. २०२२ साली आरसीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी ते लागतं आणि त्याच एप्रिलपासून मोटारीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं. मी पैसे भरून गाडी तपासणीला नेली. साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, इंजिनावरचा नंबर पुसून वाचला, आरसी बघितली, परत नंबर बघितला. मग टप नाही हे बघितलं. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "ही गाडी या पुस्तकातली नाही." आणि ते बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनानं फेरफार करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं होतं, नेमकं मी कटर हातात घेतला त्याच्या आधी. नव्या दुरुस्तीनं तर प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं आणि आधी परवानगी घेऊन. विम्याला न कळवता केलेला बदल अपघातानंतर तुमच्याच गळ्यात येतो. विजेवर चालवायचं म्हणाल तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं पास केलेलं किट आणि ते बसवायची मान्यता असलेला माणूस, एवढाच सरळ रस्ता.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला. पन्नास वर्षांवरची गाडी, चेसी, बॉडी आणि इंजिन मूळचं असेल तर वीस हजार भरून दहा वर्षांची वेगळी नोंदणी आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. रोजच्या वापराला नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला ऐटीत नेता येते. माझी गाडी १९६६ ची. वयात बसत होती. पुण्याहून टेम्पोतून उतरवली त्या दिवशी रूपातही बसत होती. पुढं तिला नियमाबाहेर काढायला मीच साडेचार लाख मोजले.

आता उलट्या वाटेनं निघालोय. जिप्सीचं इंजिन विकलं. जुनं ९४८ सीसीचं नशिबानं पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं, ते बोअर करून बसवलं. ब्रेकचे सिलिंडर आणि नळ्या नव्या टाकल्या, टायर मूळ मापाचे आणले. ट्रनियनमध्ये पाडव्याला आणि दसऱ्याला न चुकता तेल. मधे बैल पोळ्यालाही घालतो, बिघडत काही नाही. अडलंय ते टपापाशी. कापल्यावर तो मागच्या अंगणात पडून होता, तर आईनं दोन विटांवर टेकवून त्याची कोंबड्यांची खुराडी केली. गोल, पांढरा, मागच्या काचेच्या जागी जाळी. एक वेल्डर बघून गेला, म्हणतो, तुकडे जुळतात, जोडता येईल. आईला विचारलं. ती म्हणाली, "तलंगा अंड्यावर बसल्यात. पावसाळा होऊ दे, मग बघू."