कामगार संघटना कोणत्या पातळीवर असावी?



पाठ्यपुस्तकात 'कामगार संघटना' हा विषय थोडक्यात आटोपतो. परंतु आपल्या सायलीत पाळी सुटताना रस्त्यावर जी गर्दी होते, तिच्यात तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मोठे भाऊ असतात. म्हणून हा विषय आम्ही या अंकात जरा सविस्तर घेत आहोत.

संघटना मुख्यतः तीन पातळ्यांवर बांधली जाते. एका कारखान्यापुरती, संपूर्ण उद्योगाची, आणि देशभरातील संघटना एकत्र येऊन झालेला महासंघ. यांपैकी चांगली कोणती, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

कारखान्यापुरत्या संघटनेचा फायदा उघड आहे. कोणत्या यंत्राला जाळी बसवलेली नाही, ओव्हरटाइम कोणाच्या नावावर चढत नाही, हे तिथे उभे राहून काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. तक्रार सकाळी केली तर संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर पोहोचते. पण पन्नास माणसांच्या शेडमध्ये पुढारी कोण, हे ओळखायला वेळ लागत नाही आणि त्याला कामावरून कमी करायला त्याहूनही कमी वेळ लागतो. शिवाय मालक म्हणतो, "शेजारचा इतकाच पगार देतो, मी जास्त दिला तर माझा माल महाग पडेल." या बोलण्यात तथ्य असते. एका कारखान्याची संघटना त्याला उत्तर देऊ शकत नाही, कारण शेजारच्या फाटकावर तिचे काही चालत नाही.

म्हणून उद्योगाची संघटना. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्याच वर्षी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ही सुटी एकाच गिरणीने दिली असती तर टिकली नसती. मात्र त्या संघटनेला ना वर्गणी होती, ना सभासदांची यादी. खरी बांधणी १९२८ च्या संपात झाली. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चाललेला तो संप. त्या काळात वाढलेल्या गिरणी कामगार युनियनचे, म्हणजेच लाल बावट्याचे, सभासद वर्षअखेरीस पन्नास हजारांच्या पुढे गेले. तिचे बळ नुसत्या आकड्यात नव्हते. गिरणीगिरणीत कामगारांच्या समित्या होत्या. म्हणजे वरची पातळी आणि फाटकावरची पातळी एकमेकींना बांधलेल्या होत्या. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील शिकण्यासारखी गोष्ट ती हीच.

पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागात एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मानली. मुंबईच्या कापड गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. एकच संघटना असल्याने गिरणीगिरणीतले पगार एका मापात आणणे सोपे झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण करार वर होऊ लागले आणि खात्यातला कामगार ते नंतर ऐकू लागला. डॉ. दत्ता सामंतांची पद्धत उलट होती. ते एकेका कंपनीचा नफा पाहून मागणी करीत आणि मोठी पगारवाढ मिळवून देत. गिरणी कामगार त्यांच्याकडे वळले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कामगार एका पुढाऱ्यामागे आणि बोलणी करण्याचा कायदेशीर अधिकार दुसऱ्या संघटनेकडे, अशी कोंडी झाली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग तर चालूच होते, त्यामुळे बाजारात कापडाची टंचाई झाली नाही. एका शहराचा संपूर्ण उद्योग बंद ठेवूनही ती पातळी अपुरी पडली. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही.

महासंघाबद्दल थोडक्यात. आयटक १९२० मध्ये मुंबईत स्थापन झाली. १९२० मध्ये मद्रासच्या एका गिरणीच्या दाव्यात न्यायालयाने संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला, तेव्हा संघटना करणे हाच गुन्हा ठरतो की काय अशी भीती पसरली. ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा झाला. असे काम कोणत्याही एका कारखान्याच्या संघटनेच्या आवाक्यातले नाही. तोटा तुम्हाला ठाऊकच आहे. इंटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ, सीटू, म्हणजे जितके पक्ष आणि विचार, तितके झेंडे.

आता ज्याला एक मालकच नाही, त्याने काय करावे? मुंबईचा हमाल सकाळी एका पेढीची पोती उचलतो, दुपारी दुसऱ्या पेढीची. अण्णासाहेब पाटील यांनी अशा माथाडींना संघटित केले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे होते, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयींसाठी व्यापाऱ्याकडून वेगळी रक्कम घेतली जाते. ही चौथीच पातळी म्हणायची. आम्हाला ती आपल्या गावासाठी फार विचार करण्यासारखी वाटते.

कारण करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कृत्रिम धागा, प्लॅस्टिक यांचे कारखाने आले, पण अशा कारखान्यांत पुष्कळ कामगार ठेकेदारामार्फत लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, अनेक संघटना असल्यास, कारखान्याच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला मालकाशी बोलणी करण्याचा एकमेव अधिकार दिला आहे. ठेकेदाराच्या माणसाचे नाव मात्र सहसा ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते. तो त्याच यंत्रावर उभा राहतो, पण मोजणीत कुठे येतो?

स्वाध्याय : घरात किंवा शेजारी जे कारखान्यात जातात, त्यांना दोन प्रश्न विचारा. पगाराच्या पावतीवर नाव कोणाचे असते, कंपनीचे की ठेकेदाराचे? आणि त्यांच्या खात्यातील तक्रार प्रथम कोणाला सांगितली जाते? कंपनीचे व व्यक्तीचे नाव न लिहिता उत्तरे वहीत लिहून पुढील सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्यावीत.