वाळू उबवते अंडी!

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावी दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस पर्यटक जमतात, ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहण्यासाठी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांच्या साहाय्याने तेथे अंड्यांचे संरक्षण सुरू केले.

मादी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. मग अंडी उबवते कोण? वाळू! कोरडी वाळू उष्णतेची दुर्वाहक आहे. दुपारी वर पाय भाजतात, पण दीड फुटाखाली तापमान दिवसरात्र जवळजवळ स्थिर असते. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. नवल असे, की पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमान ठरवते. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या जास्त, थोडी थंड असेल तर नर जास्त. पृथ्वी तापत गेली तर काय होईल?

रात्री समुद्राकडील क्षितिज जमिनीपेक्षा उजळ दिसते. पिल्ले त्या उजेडाकडे चालतात. किनाऱ्यावर दिवा लावला, की त्यांची वाट चुकते. म्हणून तेथे गेलात तर विजेरी बंद ठेवा.

करून पहा : शाळेच्या आवारातील वाळूच्या ढिगात एक तापमापक वर व एक दीड फूट खोल ठेवा. सकाळी, दुपारी व सायंकाळी दोन्हींची नोंद करून आलेख काढा. कोणती रेषा सपाट येते?