पुस्तक डोळ्यांशी न्यावं, की डोळे पुस्तकाशी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना मॅक्युलर डिजनरेशन आहे. चष्मा लावून त्यांच्या चांगल्या डोळ्याचीही नजर ६/६०च्या पुढे जात नाही. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला, पुस्तक अर्ध्या वितीवर धरायला सांगितलं आणि त्यासाठी वर-खाली होणारा कलता स्टँड घ्या म्हणाले. इतक्या जवळून वाचून उरलीसुरली नजरही जाणार नाही ना? आणि फळीने अक्षर मोठं कसं होणार?
— एक वाचक, चामराजपेट, बेंगळुरू

उत्तर : फळीने अक्षर मोठं होत नाही, ते जवळ आल्याने होतं. ४० सेंटिमीटरवरचं पुस्तक २० वर आणलं की डोळ्याच्या पडद्यावर अक्षर दुप्पट उमटतं, १० वर आणलं की चौपट. या आजारात पडद्याचा मधला, बारीक अक्षर टिपणारा भाग निकामी होत जातो. कडेचा भाग शाबूत राहतो, पण त्याला अक्षर मोठंच लागतं. जवळून वाचल्याने आजार बळावत नाही की नजर झिजत नाही. तो धसका सोडा.

लहान मुलं वही नाकाशी नेऊन वाचू शकतात, कारण त्यांच्या डोळ्यातलं भिंग लवचिक असतं. सत्तरीत ते काम चष्म्याला करावं लागतं. +१० नंबरचं भिंग १० सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवतं. पुस्तक एक-दोन सेंटिमीटर हललं तरी अक्षर पुसट होतं. जाडजूड ज्ञानेश्वरी हातात धरून हे अंतर किती वेळ सांभाळणार? हात भरून येतात. टेबलावर ठेवून वाकलं तर मान धरते, डोक्याची सावली पानावर पडते आणि वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा लांब जाते. फळी कलती केली की पान चेहऱ्यासमोर सरळ येतं आणि सगळ्या ओळी सारख्याच अंतरावर राहतात. स्टँडचं खरं काम एवढंच.

म्हणून आधी भिंग आणि अंतर पक्कं करा, मग स्टँड. तो सुताराकडूनही करून घेता येईल : बिजागरीवरची प्लायवूडची फळी आणि आरामखुर्चीला असतात तशा खाचा. रंग काळा, चमक नसलेला द्या. पांढरं पान उठून दिसतं. खाली पुस्तक अडेल अशी पट्टी आणि बूड जड हवं. गाण्याच्या नोटेशनचे हलके स्टँड ग्रंथाच्या वजनाने डुगडुगतात. जाड भिंगातून पानाचा थोडाच भाग दिसतो, तेव्हा डोकं स्थिर ठेवून पुस्तकच डावीकडे-उजवीकडे सरकवायची सवय लावा. दिवा बाजूने, डोळ्यांत उजेड न जाईल असा ठेवा. काळ्या कार्डाला दोन ओळी दिसतील एवढी चीर पाडून ते पानावर ठेवलं तर ओळ चुकत नाही आणि पानाची चकाकीही कमी होते.

लिहिण्याचं गणित वेगळं. १० सेंटिमीटरमध्ये पेन आणि हात मावत नाहीत. म्हणून डॉक्टरांना सौम्य भिंगाचं विचारा. +४ नंबरने २५ सेंटिमीटरवर दिसतं. लिहिताना उतार बेताचाच ठेवा, फळी फार उभी केली तर बॉलपेनची शाई अडते. जाड टोकाचं काळं पेन आणि ठळक रेघांची वही घ्या.

तुमच्याकडे मिंटो नेत्र रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. १८९६ साली सुरू झालेलं हे सरकारी रुग्णालय १९१३ पासून आजच्या इमारतीत आहे. तिथे अल्पदृष्टीच्या तपासणीची चौकशी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्म्यासह चांगल्या डोळ्याची ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंतची नजर अल्पदृष्टीत मोडते. सासऱ्यांची ६/६० त्यात बसते, तेव्हा प्रमाणपत्राचंही विचारून ठेवा.

स्टँड आला की त्यांना पाव तास वाचायला बसवा. पाठ खुर्चीला टेकलेली राहिली तर उंची जमली. ते पुढे झुकू लागले तर फळी अजून वर आणि जवळ घ्या.