पिल्लू घरात मुततं? मारू नका, सवय लावा



पावसाळ्यात सरावलीच्या एका बैठकीत हप्ते लिहून झाले, तशा एक ताई म्हणाल्या, "मॅडम, कोंबड्या राखायला पिल्लू आणलं, पण ते रोज भाताच्या पोत्याजवळच मुततं. घरचे म्हणतात, लांब नेऊन सोडून देऊ." त्यांचा मुलगा रडत होता. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

तिथेच का मुततं?
कुत्रा वासावर चालतो. आपली जमीन सारवलेली, लघवी आत मुरते. वरून पुन्हा सारवलं की आपल्याला वास येत नाही, पण त्याला येतो. त्याला वाटतं, हीच आपली जागा.

काय करायचं?
१. पोती उचलून फळीवर ठेवा. ओली माती खुरप्याने खरवडा, हाताने नको. नवी माती भरून सारवा.
२. खरवडलेली माती विहीर आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, एका कोपऱ्यात टाका. तीच पिल्लाची नवी जागा. मुलांना तिथे खेळू देऊ नका.
३. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्याआधी त्याला तिथेच न्या. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरून ठेवू शकत नाही.
४. बाहेर केलं की तिथल्या तिथे भाकरीचा तुकडा द्या. घरात येऊन दिला, तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही.
५. हुंगत गोल फिरायला लागलं की लगेच बाहेर न्या.

मारून काय होतं?
लहानपणी मीपण आमच्या कुत्र्याचं नाक लघवीत घासायचे. तो सुधारला नाही, पलंगाखाली लपून मुतायला लागला. मारल्याने तो फक्त आपल्याला घाबरतो. काही कुत्री तर भीतीनेच मुततात.

आपली तब्येतही सांभाळा
उंदीर, गुरं आणि कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टो पसरू शकतो. जंतू ओल्या मातीत टिकतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात जातात. साफ केल्यावर हात साबणाने धुवा. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं, तर अंगावर काढू नका, आरोग्य केंद्रात जा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या.

सवय लागलेला मोठा कुत्रा अचानक घरात मुतायला लागला, तर तो खोडी करत नाही, आजारी असू शकतो. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

त्या ताईंनी घरात पाळी लावली: सकाळी आजी, दुपारी ताई, संध्याकाळी मुलगा. तीन आठवड्यांत पोत्याजवळची जागा कोरडी झाली. जोराच्या पावसात अजून कधी चुकतं, पण पिल्लू घरातच आहे.

गटात बोला: तुमच्या घरी कुत्र्याची जबाबदारी कोणाकोणाची? की तीही तुमच्या एकटीवरच?